ढेपेखालचे फोन

कागलच्या पुढं, दूधगंगेच्या काठानं जी उसाची पट्टी पसरली आहे, तिथं भीमाप्पाच्या नाकाचा मोठा लौकिक होता. काहिलीत रस उकळत असला की बाकीचे गुळवे पळीतला थेंब पाण्यात सोडून त्याची गोळी होते का ते बघतात. भीमाप्पा बघायचा नाही. तो चुलवाणापासून जरा लांब उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि वाफेला तोंड द्यायचा. रसाचा हिरवा, ओला वास आधी उडून जातो. मग भाजत्या कणसासारखा वास येतो. मग एक क्षण असा येतो की वाफेला कसलाच वास उरत नाही, आणि त्या रितेपणाच्या मागून गूळ येतो. त्या क्षणी भीमाप्पा उजवा हात वर करायचा. हात वर झाला की माणसं धावायची, काहील उतरायची, गूळ निववायच्या वाफ्यात ओतला जायचा. त्या हाताला कधी कुणी विचारलं नाही की आत्ताच का.

त्याचा बाप गुळव्या होता, आजाही गुळव्याच होता. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंगात पांढरी बंडी. बायको मागंच गेली होती. मुलगा आणि सून कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायची, आणि नात शांभवी कॉलेजातून आली की आजोबाला पेपर वाचून दाखवायची, मोबाइलवरच्या बातम्या दाखवायची. दिवाळी झाली की गुऱ्हाळ पेटायचं, आणि शिवरात्र होऊन ऊन तापलं की विझायचं. मधले महिने भीमाप्पा तिथंच असायचा. अंगाला, केसाला, धोतराला गुळाचाच वास. रस्त्यानं जाणारं पोरसुद्धा डोळे मिटून सांगायचं, आप्पा आले म्हणून.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा फोन फुगला. मुलानं वापरून दिलेला जुना फोन होता. मागचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं आणि फोन टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरू लागला. तो फोन घेऊन तो स्टँडवरच्या प्रभुलिंगकडं गेला. प्रभुलिंग म्हणजे त्यांच्याच भावकीतला तरणा मुलगा. एका टपरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान, पुढं बसायला बाकडं, आणि बाकड्यावर कायम चार रिकामी माणसं.

प्रभुलिंगनं झाकण काढून आत बघितलं. "आप्पा, बॅटरी फुगलीया. ही गेली. बदलू या."

"फुगली म्हंजे गेली?" भीमाप्पा म्हणाला. "भाकरी फुगली म्हंजे ती जाती व्हय?"

बाकडं हसलं. प्रभुलिंगही हसला, पण फोन हातातनं सोडेना. "भाकरीत वाफ असती. ह्यात काय असतंय ते मला बी नीट सांगता यायचं न्हाय. पर हिला दाबू नका आणि चार्जिंगला लावू नका, एवढं ऐका."

भीमाप्पाला ते आवडलं नाही. ज्याला आपण अंगाखांद्यावर खेळवलं ते पोरगं आता आपल्याला 'ऐका' म्हणतंय. धंद्यासाठी बोलतंय, असं तो मनाशी म्हणाला आणि फोन घेऊन गुऱ्हाळावर आला. तिथं साच्यातनं नुकत्याच काढलेल्या ढेपा भिंतीला लावून ठेवल्या होत्या. एक एक ढेप उचलायला धडधाकट माणूस लागावा अशी. त्यानं फोन बंद केला, तरटात गुंडाळला, फरशीवर ठेवला आणि वर ढेप बसवली. सावकाश, बेतानं. पापड लाटणारी बाई लाटण्यावर जसा भार देते तसा.

दिवस मावळायच्या आधी ढेप उचलली तेव्हा झाकण बसलं होतं. फोन सपाट झाला होता. सुरू केला, सुरू झाला.

पण तरट उलगडताना त्याच्या नाकाला काहीतरी लागलं होतं. गोड, पण गुळाचं गोड नाही. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखं, आणि त्याच्या पाठीमागं रंगाचा डबा उघडल्यावर टोचतं तसलं काहीतरी. चारी बाजूंना गूळ. वर वाफ, खाली चिपाडाची राख. भीमाप्पानं एकदा तरट नाकाशी नेलं आणि बाजूला टाकलं. गुळाचाच असेल, असं तो म्हणाला. साऱ्या पट्टीत ज्याच्या नाकाचा हवाला देत होते, तो असं म्हणाला.

तिथं कृष्णात होता. कृष्णात म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, दांडगा, बोलघेवडा. त्याचाही फोन फुगला होता. त्यात मागल्या वर्षी प्रभुलिंगनंच नवी बॅटरी घातली होती, आणि प्रभुलिंग आता पुन्हा बदल म्हणत होता. कृष्णातानं भीमाप्पाचा फोन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "आप्पा, माझ्याला बी जरा ढेपेखाली निजवा की."

त्याचा फोन सपाट झाला. त्यानं ते फडात सांगितलं, फडातनं ते गावात गेलं, गावातनं वाडीवर. ज्याचा त्याचा जुना फोन फुगलेलाच होता. उन्हात, ट्रॅक्टरच्या टपावर, चुलीजवळच्या कोनाड्यात, रात्रभर चार्जिंगला लावलेला. माणसं गुऱ्हाळाकडं येऊ लागली. भीमाप्पा तरटाचे तुकडे कापून ठेवायचा. ओळीनं फोन, ओळीनं ढेपा. तलाठी म्हणून रिटायर झालेले गणपतराव आपला फोन घेऊन आले तेव्हा म्हणाले, "भीमाप्पा, एवढं चांगलं काम करतोयस तर आता एखादी ढेप माझ्या पोटावर बी ठेव. ते बी लई दिवस फुगलंय."

सगळे हसले. भीमाप्पाही हसला. त्याला बरं वाटत होतं, हे लपवायचं कशाला. गुळव्याकडं लोक हंगामात बघतात, एरवी त्याला कोण विचारतो. आता बायका पदराआडून फोन काढून त्याच्या हातात देत होत्या, जसं आजारी लेकरू देतात. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाईही आली. बीडकडची. तिच्या फोनच्या पाठीवर मोराचं चित्र चिकटवलेलं होतं. तिची पोरं गावाकडं म्हातारीपाशी होती आणि ती याच फोनवर त्यांची तोंडं बघत होती. भीमाप्पानं तिच्या फोनवर सगळ्यात चांगली ढेप ठेवली. फोन सपाट करून दिला तेव्हा ती वाकून पाया पडली. तिचं नाव त्यानं विचारलं नाही.

आपल्या बहिणीचा फोन तर त्यानं स्वतः घरी जाऊन आणला. शांतव्वा त्याच्याहून थोरली, विधवा, कानानं अधू. गाव तिला आक्काच म्हणायचं. तिचा मुलगा मृत्युंजय सौदीत क्रेन चालवायला गेला होता आणि रोज दुपारी फोन करायचा. आक्का फोनचा आवाज मोठा करून, तो गालाला घट्ट लावून, डोळे मिटून ऐकायची. दुपारी जराशी कलंडली तरी फोन उशाशी नाही, कानाखाली. तिच्या फोनचं झाकण काढून, उघड्या बॅटरीवरच तरट आणि ढेप ठेवून भीमाप्पानं तो सपाट केला, तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "घे. आता ह्याला मरण न्हाय."

संक्रांत झाली. एका सकाळी कृष्णात ट्रॉली रिकामी करून गुऱ्हाळाच्या कट्ट्यावर येऊन बसला. काहील चढली होती. भीमाप्पा डोळे मिटून उभा होता. वाफेतनं हिरवा वास गेला, कणसाचा वास आला, आणि मग तो रिता क्षण यायचा तिथं दुसराच वास आला. केळ्याचा. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा, आणि मागं ते टोचणारं. भीमाप्पानं डोळे उघडले. काहिलीतनं नव्हता तो. पाठीमागनं येत होता. तो वळला तेव्हा कृष्णात आपल्या पँटच्या खिशाकडं बघत होता. नुसता बघत होता. मग साप फुत्कारावा तसा आवाज झाला, खिशातनं पांढरा धूर निघाला, आणि कृष्णातानं हात खिशात घातला.

हात घातला नसता तर मांडी भाजली असती, एवढंच. पण माणूस आधी फोन वाचवायला बघतो.

कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, उरलेली एकमेकांना चिकटली. मांडीवर हातभर चामडी नवी आली, चकचकीत, दुधावरच्या सायीसारखी. ट्रॅक्टरचं चाक त्या हातात पुन्हा आलं नाही.

फोन पेटला त्याच दिवशी दुपारी गाव स्टँडवर जमलं. बॅटरी कुणी घातली होती? प्रभुलिंगनं. मग झालं. कुणी म्हणालं डुप्लिकेट माल, कुणी म्हणालं दिल्लीहून पोत्यानं येतो. प्रभुलिंग सांगत होता, "मी बदला म्हटलं हुतं. इचारा त्यास्नी. दाबलेली बॅटरी..." पुढचं कुणी ऐकलं नाही. टपरीची काच फुटली, पाटी खाली आली, आणि गावानं आपलं कुलूप आणून दुकानाला घातलं. भीमाप्पा त्या गर्दीच्या कडेला उभा होता. 'दाबलेली' हा शब्द प्रभुलिंगच्या तोंडातनं निघाला तेव्हा त्यानं एकवार भीमाप्पाकडं बघितलं होतं. भीमाप्पा खाली बघत राहिला. आपल्या वहाणांकडं. एका वहाणेच्या पट्ट्याला गुळाचा लगदा वाळून चिकटला होता, त्याकडं.

पुढं पंधरवडाभर गावात फोन म्हणजे विंचू झाला. माणसं फोन अंगणात, दगडावर ठेवून चार्जिंगला लावायची आणि लांबनं त्याच्यावर नजर ठेवून बसायची. एकीनं नवऱ्याचा फोन दुधाच्या शिंक्यात टांगला. पारावर एकानं सांगितलं की टॉवरच्या लहरींनी होतंय, दुसऱ्यानं सांगितलं की एका नंबरवरनं फोन येतो, तो उचलला की फुटतो, आणि तो नंबर ज्याच्या त्याच्या फोनवर फिरू लागला. देवळाच्या पायरीवर चपलांच्या शेजारी फोनांची ओळ लागायची. एका पोरानं तर मिरची-लिंबू बांधलं. पण ढेपेचं नाव कुणी काढलं नाही. उलट ज्यांचे फोन ढेपेखालून गेले होते ते निर्धास्त होते. त्यांच्यावर उतारा झाला होता. ते फोन पुन्हा खिशात गेले, चोळीत गेले, उशाखाली गेले. मग बाकीचेही गेले. माणसाला फोनशिवाय किती दिवस राहवणार?

राहवेना ते भीमाप्पाला. नव्या काहिलीपुढं तो डोळे मिटून उभा राहायचा आणि तो रिता क्षण आला की त्याचे डोळे उघडायचे. आता काय येईल त्या रितेपणातनं? गूळ, की ते केळं? कधी कधी दोन्ही आल्यासारखं वाटायचं. हात वर व्हायला उशीर होऊ लागला. दोन काहिली करपल्या. गुऱ्हाळाचा मालक पिराजी पळी आणि पाण्याची वाटी त्याच्याजवळ ठेवून गेला. भीमाप्पाच्या घराण्यात पळी कुणी हातात धरली नव्हती. त्यानं ती उचलली.

आणि कृष्णात. हात फडक्यात गुंडाळून तो रोज गुऱ्हाळावर यायचा, चिंचेखाली बसायचा. आल्यागेल्याला सांगायचा, "आप्पांच्या ढेपेनं एवढे दिस तरी तारलं. न्हायतर त्या दुकानदारानं मला कवाच मारला असता." हे तो भीमाप्पाच्या देखत सांगायचा. भीमाप्पाला वाटायचं, ह्यानं मला शिव्या द्याव्यात. एखादी चिपाडाची मोळी उचलून पाठीत घालावी. पण तो उठून निघताना म्हणायचा, "येतो आप्पा," आणि दुसऱ्या दिवशी खरंच यायचा.

शिवरात्रीच्या आसपास टोळ्या परत निघाल्या. बैलगाड्या, ट्रॉल्या, त्यावर भांडी, कोंबड्या, गोधड्या, आणि वर बायका. भीमाप्पा रस्त्याच्या कडेला उभा होता. एका ट्रॉलीच्या शेंड्यावर बीडकडची ती बाई बसली होती. फोन गालाला लावलेला. पाठीवरचा मोर उन्हात चमकत होता. ती हसून काहीतरी बोलत होती, बहुतेक पोरांना सांगत होती की निघालो. भीमाप्पाचा उजवा हात आपोआप वर गेला. काहील उतरवायची वेळ झाली की जातो तसा, ताठ. त्या हाताला आजवर माणसं धावत आली होती.

बाईनं बघितलं. तिला तो फोन सपाट करून देणारा म्हातारा आठवला. तिनंही हात वर केला, हलवला, हसली. ट्रॉली वळणावरनं गेली.

त्या दिवशी भीमाप्पा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आक्काच्या दारात गेला.

आक्का उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. फोन मांडीवर. "ये तम्मा," ती म्हणाली. धाकट्या भावाला ती कानडीतनं तशीच हाक मारायची.

"आक्का, फोन दे माझ्याकडं."

"का?"

"बॅटरी बदलून आणतो."

"कशाला? बरा हाय की. तुझ्याच ढेपेखालचा हाय."

"ढेपेनंच खराब हुतोय त्यो. कृष्णाताचा तसाच गेला."

आक्कानं मान तिरपी करून त्याच्याकडं बघितलं. "कोण म्हणालं? प्रभुलिंग?"

"मी म्हणतोय."

"तुझं वय झालं तम्मा. चांगलं केलेलं बी आता तुला वाईट दिसाय लागलंय." तिनं फोन उचलून छातीशी धरला. "दुपारी मृत्युंजयाचा फोन येतो. मी उचलला न्हाय तर त्यो तिकडं घास खात न्हाय. आज न्हाय, उद्या न्हाय. जा तू."

भीमाप्पा तिच्याजवळ वाकला, आणि त्याला तो वास आला. केळ्याचा. की नाहीच आला? फळीवर तिनं केलेले शेंगांचे लाडू होते, गूळ घातलेले. वास तिकडनं येत होता, की तिच्या छातीकडनं? त्यानं पुन्हा श्वास घेतला. कळेना. बापाकडनं, आजाकडनं आलेलं नाक, आणि बहिणीच्या उरापाशी काय आहे ते त्याला सांगेना. तो उठला आणि तडक चिंचेखाली गेला.

कृष्णात डाव्या हातानं आणि दातानं ऊस सोलत होता.

"कृष्णात," भीमाप्पा म्हणाला, "तुझा हात प्रभुलिंगनं न्हाय घालवला. माझ्या ढेपेनं घालवला."

कृष्णातानं कांडं तोंडातनं काढलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

भीमाप्पा खाली बसला.

"वास मला बी आलता, आप्पा. तुमी तरटातनं फोन काढून दिलासा तवाच. मी म्हटलं, आप्पांस्नी आला नसंल तर गुळाचाच आसंल."

"मला बी आलता."

"आसं व्हय." कृष्णातानं एवढंच म्हटलं. मग म्हणाला, "मला कुणावर तरी राग धराय पायजे हुता. तुमच्यावर धरवंना. मीच आणून ठेवला हुता की त्यो फोन."

"मग रोज हितं येऊन बसतोस ते? मला वाटलं मला सोलाय येतोस."

"कुटं बसू? घरात बसलं की बायको हाताकडं बघती. हितं समदी काहिलीकडं बघत्यात."

"प्रभुलिंगचं दुकान फोडलं, तवा तरी..."

"मी दवाखान्यात हुतो. तुमी हुतासा तितं."

पाखरं चिंचेतनं उडाली आणि पुन्हा बसली.

"आक्काचा फोन," भीमाप्पा म्हणाला. "ती देत न्हाय. आणि मला वास कळंना झालाय, कृष्णात. तिला तो आत्ता गालाला लावायचा हाय."

कृष्णात उठला. ऊस तिथंच टाकला.

आक्का अजून उंबऱ्यातच होती. कृष्णात तिच्यापुढं उकिडवा बसला आणि त्यानं उजव्या हातावरचं फडकं सोडलं. गावात कुणाला त्यानं तो हात उघडा दाखवला नव्हता. "आक्का, धर," तो म्हणाला आणि हात तिच्या हातात दिला.

आक्काला दिसायचंही कमीच. तिनं आपल्या बोटांनी तो हात चाचपला. जिथं बोटं असायला हवी होती तिथं तिची बोटं थांबली, मागं आली, पुन्हा गेली. चिकटलेल्या बोटांच्या मधनं तिनं अंगठा फिरवला, जसा दाणा चांगला आहे का किडका ते बघायला फिरवतात.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"थंडीत."

आक्कानं मांडीवरचा फोन उचलून त्याच्या डाव्या हातात दिला. "दुपारच्या आत आणा," ती म्हणाली. "मृत्युंजय घास खात न्हाय."

प्रभुलिंग घरामागं म्हशीला वैरण टाकत होता. दोघांना बघून त्याचे हात थांबले. भीमाप्पानं फोन पुढं केला आणि म्हणाला, "आक्काचा. दाबलेला हाय." आणखी काही म्हणायचं त्यानं वाटेत ठरवलं होतं. ते निघालं नाही. प्रभुलिंगनं फोन लगेच घेतला नाही. आधी आत जाऊन घमेलं आणलं, त्यात कोरडी वाळू ओतली, ते अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि दोघांना लांब उभं केलं. मग फोन घेऊन बसला. हळूहळू, नखानं फोडाची खपली काढावी तसं त्यानं झाकण उचललं.

बॅटरीच्या रुपेरी पाठीवर तरटाची वीण उमटली होती. आडवे धागे, उभे धागे, मधली भोकं, सगळं. एका कोपऱ्याला ढेपेची कड लागली होती, तिथं ती चपटी होऊन दुमडली होती. लांब उभं राहूनही भीमाप्पाला ते दिसलं. आपल्या हातानं कापलेला तरटाचा तुकडा त्यानं ओळखला.

"कानाला लावून बोलत हुत्या?" प्रभुलिंगनं विचारलं.

"गालाला," भीमाप्पा म्हणाला. "डोळे मिटून."

प्रभुलिंगनं ती बॅटरी वाळूत ठेवली आणि वर वाळू लोटली. शेजारपाजारची माणसं कुंपणापाशी गोळा झाली होती. सगळी घमेल्याकडं बघत होती. घमेलं गप्प होतं. धूर नाही, आवाज नाही. बराच वेळ झाल्यावर गणपतराव कुंपणापलीकडनं म्हणाले, "काय बी झालं न्हाय की. उगंच भ्या दावतासा." आणि माणसं पांगली.

दुपारच्या आत प्रभुलिंगनं घरात ठेवलेल्या मालातली नवी बॅटरी फोनमध्ये बसवली. मृत्युंजयाचा फोन आला, आक्कानं तो गालाला लावला आणि डोळे मिटले. भीमाप्पा दारात उभा होता. आक्का लेकाला सांगत होती की तुझा मामा हल्ली फार वाळलाय.

प्रभुलिंगच्या दुकानाचं कुलूप कुणी काढलं ते कुणी सांगत नाही. एका सकाळी ते नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक गणपतरावच होते. "लेका, एवढे दिस दुकान बंद का ठेवलंस? आमची किती अडचण झाली," ते म्हणाले, आणि प्रभुलिंगनं त्यांना बसायला बाकडं पुसून दिलं.

आक्काच्या मागोमाग भीमाप्पानं आपलीही बॅटरी बदलून घेतली. आता तो घरोघर जातो. ढेपेखाली ठेवलेला ज्याचा फोन आठवतो त्याच्या दारात उभा राहतो. कुणी देतं, कुणी देत नाही. कुणी म्हणतं, "आप्पा, तुमचाच गुण हाय त्याला, अजून मस्त चालतोय." मग तो ओसरीवर बसतो, कृष्णात फडकं सोडतो, आणि बहुतेक वेळा फोन हातात पडतो. घमेलं घेऊन दोघं प्रभुलिंगकडं जातात. प्रभुलिंग जे निघेल ते वाळूत ठेवतो.

हंगामात तो पुन्हा काहिलीपुढं उभा राहतो. पळी त्यानं परत दिली, पण डोळे मिटून एकटा उभा राहत नाही. कृष्णात शेजारी असतो. कणसाचा वास येतो, मग तो रिता क्षण येतो, आणि भीमाप्पा हळूच विचारतो, "कसला येतोय रे?"

कृष्णात नाक वर करतो. "गुळाचाच, आप्पा."

मग हात वर होतो.

संध्याकाळी शांभवी कॉलेजातनं आली की मोबाइल घेऊन आजोबाजवळ बसते. कुठं तरी फोन फुटल्याचं हमखास येतंच. कुणाच्या खिशात, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या हातात. खाली लोकांनी लिहिलेलं असतं, हसण्याचं, शिव्यांचं, देवाचं नाव घेतलेलं. शांभवी ते वाचून दाखवू लागते. भीमाप्पा तिला मध्येच थांबवतो. माणूस वाचला का, कुठल्या कंपनीचा, कशानं झालं, हे तो विचारत नाही.

"गाव कुठलं ते?" तो विचारतो.

शांभवी गाव सांगते. बहुतेक वेळा ते लांबचं असतं, दुसऱ्याच राज्यातलं. भीमाप्पा मान हलवतो. पण एखाद्या दिवशी ती म्हणते, बीडकडचं आहे, तेव्हा तो उठून अंगणात जातो आणि ज्या वळणावरनं ट्रॉल्या जातात तिकडं बघत उभा राहतो. उजवा हात त्यानं डाव्या हातानं धरून ठेवलेला असतो.